आनसा सुईणीचा कान

वेळूघळ हे गाव घाटाच्या पायथ्याला, दोन डोंगरांच्या बेचक्यात बसलेलं. ही गोष्ट कधीची, असं तिथं विचारलं तर म्हातारी माणसं साल सांगत नाहीत, नुसता हात मागं करतात. फार मागं. घाटात तेव्हा गाडीवाट नव्हती, दवाखाना कुणी पाहिला नव्हता, आणि आजूबाजूच्या सात वाड्यांत जन्मणारं प्रत्येक मूल पहिल्यांदा एकाच बाईच्या हातात येत होतं. त्या बाईचं नाव आनसा.

आनसा लग्न होऊन गावात आली ती बारा वर्षांची. तिची सासू भिवरा ही सुईण. सासूच्या मागं मागं फिरून आनसा सगळं शिकली. पोट कसं चाचपायचं, आडवं मूल कसं वळवायचं, नाळ कुठं कापायची, बाईला धीर कसा द्यायचा. तिला स्वतःला मूल झालं नाही. नवरा लवकर गेला. मग सासू आणि सून अशा दोघीच त्या घरात राहिल्या.

एकदा भिवरानं एका पोटुशीच्या पोटाला तिला कान लावायला सांगितलं आणि विचारलं, "काय ऐकू येतंय का?"

आनसा म्हणाली, "थेंब पडतोय. लांब कुठंतरी, गुहेत पडल्यावानी. एकामागं एक."

भिवरा दचकली. कारण त्या बाईला दिवस जाऊन दोनच महिने झाले होते, आणि भिवराला स्वतःला सातव्याच्या आधी कधी काही ऐकू आलं नव्हतं. घरी येताना वाटेत ती म्हणाली, "आनसे, हे कुणाला सांगू नगंस. लोक मग तुझ्याकडं न्याय मागाया येतील."

पण अशी गोष्ट लपते कुठं! आनसाचा कान सगळ्या खोऱ्यात ठाऊक झाला. बाया डोंगर चढून, ओढे उतरून तिच्याकडं येत. ती कान लावी, डोळे मिटून बसे, आणि मग हसून सांगे, "आहे. चांगलं आहे." एकीला तिनं जुळं सांगितलं, तर जुळं झालं. एकीला ती काहीच बोलली नाही, नुसता तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. ते मूल राहिलं नाही. ती पोटाला कान लावून बसली की ओढ्याचं पाणीसुद्धा वाहायचं थांबे, असं म्हणतात.

सासू आणि सुनेत एकाच बाबतीत बेबनाव होता. भिवराकडं अडलेल्या बाया येत. कुणाला पाचांवर सहावं नको असे, कुणाचा नवरा वर्षभर परमुलखात असे. भिवरा त्यांना मोकळं करी. ती म्हणे, "हलत न्हाई तवर नुसतं रगत. बाई जगली पायजे." आनसाला ते औषध ठाऊक होतं, सासूनं शिकवलं होतं. पण तिनं ते कुणाला दिलं नाही. तिला नुसतं रक्त म्हणता येईना. तिला ऐकू येत होतं.

भिवरा गेली, तेव्हापासून वेळूघळीत ते औषध बंद झालं.

गावात शिदबा नावाचा गुरव होता. देवळाची पूजा त्याच्याकडं. मोठा सालस माणूस. त्याची बायको साळू. साळूला सात वेळा दिवस गेले आणि सातही वेळा पोट रिकामं झालं, कधी तिसऱ्या महिन्यात, कधी पाचव्या. शिदबानं त्या सातांनाही देवळामागच्या चाफ्याखाली पुरलं होतं आणि सातांना नावं ठेवली होती. लोक त्याला हसत. "मूठभर गोळ्याला कसलं नाव, शिदबा?" तो म्हणे, "माझ्या घरला आलं हुतं. आल्याला नाव असतंय."

त्या वर्षी साळूला आठव्यांदा दिवस गेले. दुसरा महिना लागल्यावर आनसानं कान लावला. शिदबा दाराच्या कडेला उभा राहून धोतराचं टोक पिळत होता. आनसा म्हणाली, "आहे. पळतंय घोड्यावानी." शिदबा तिथंच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. आनसा त्या दिवशी घरी आली ती गाणं म्हणतच.

आणि त्याच आठवड्यात तिच्या दारात तानू आली.

तानू म्हणजे वरच्या आळीतल्या एका घरची सून. सतरा वर्षांची असेल. नवरा तापानं जाऊन दोन वर्षं झालेली. तिला कुणी हळदीकुंकवाला बोलावत नसे, तिला बोलतानाही कुणी ऐकलं नव्हतं. भर दुपारची वेळ, उन्हानं आळी सुनसान पडलेली. ती दारातून आत आली, कवाड लोटलं आणि आनसाच्या पायांशी बसली.

"आत्या, मला मोकळी कर."

आनसानं विचारलं, "किती झाले?"

"तिसरा."

"कुणाचं?"

तानू इतकंच म्हणाली, "मी न्हाई बोलावलं त्याला, आत्या. मी न्हाई बोलावलं."

आनसानं तिला पथारीवर निजवलं आणि पोटाला कान लावला. तिला वाटलं होतं की इथं काही वेगळं ऐकू येईल. काही खोटं, काही वाकडं, असं काहीतरी की ज्यानं मन घट्ट करता यावं. पण तोच आवाज होता. साळूच्या पोटी चार दिवसांपूर्वी ऐकलेला, ज्याला ऐकून शिदबा रडला होता, तसाच. लांब गुहेत पडणारा थेंब, घोड्यासारखा पळणारा. तसूभर फरक नव्हता.

आनसा उठून बसली आणि म्हणाली, "न्हाई गं पोरी. माझ्यानं व्हायचं न्हाई."

तानूनं तिचे पाय धरले. "आत्या, मला ठेवणार न्हाईत गं ती लोकं."

"मी आहे ना! सहावा लागला की तुला माझ्या माहेरी नेऊन ठेवते. तिथं बाळंत हो. पोर मी घेईन, मी वाढवीन. तुझं नाव कुठं येणार न्हाई. तवर लुगडं सैल नेस आणि कुणाच्या डोळ्यावर येऊ नगंस. मी तुझ्या पाठीशी उभी आहे."

तानूनं पुन्हा मागितलं नाही. उठताना म्हणाली, "तू ऐकलंस का त्याला?"

"ऐकलं."

"कसं आहे?"

आनसा म्हणाली, "चांगलं आहे." आणि तानू गेली.

पाचवा महिना भरत आला तेव्हा आनसाला डोंगरापलीकडच्या वाडीवरून बोलावणं आलं. अडलेली बाई, आडवं मूल. ती गेली आणि तिथंच चार दिवस अडकली. इकडं ओढ्यावर लुगडी धुताना तानू वाकली, आणि तिच्या सासूनं वाढलेलं पोट पाहिलं.

पुढचं सगळं गावानं पाहिलं आणि गाव त्यावर फार बोलत नाही. तिला घरातून काढून गोठ्यात ठेवलं. पंच बसले. तिला जो आसरा देईल त्याचं आग-पाणी बंद, असं ठरलं. माहेरी निरोप गेला. तिचा भाऊ वीस कोस चालत आला, गावाच्या शिवेपर्यंत. तिथं उभा राहून त्यानं गावाकडं पाहिलं, खाली बसून दोन घोट पाणी प्याला आणि तसाच माघारी गेला. चौथ्या दिवशी सकाळी तानू घागर घेऊन ओढ्यातल्या डोहाकडं गेली. घागर काठावर नीट ठेवलेली सापडली.

आनसा डोंगर उतरून आली तेव्हा दुपार झाली होती. वेशीवरच माणसं उभी होती. तिचीच वाट बघत होती. कारण त्या काळी पोटुशी बाई गेली तर आई आणि मूल वेगळं केल्याशिवाय माती देत नसत, आणि ते काम सुईणीचं.

बायांनी ओढ्याकाठी आडोसा धरला. आनसा तानूजवळ बसली. पोर बर्फासारखी गार पडली होती. केसांत शेवाळ अडकलेलं होतं, ते आनसानं एकेक करून काढलं. मग सवयीनं, अगदी सवयीनं, तिनं पोटाला कान लावला.

आवाज चालू होता.

आई केव्हाची गेली होती आणि आत तो थेंब पडतच होता, एकामागं एक. आनसानं हातातलं पातं खाली ठेवलं; पाच महिन्यांचं मूल बाहेर काढून जगणार नव्हतं. ती तशीच कान लावून बसली. बाया म्हणाल्या, आत्या, उरक आता. तिनं हात वर करून त्यांना थांबवलं. ऊन कलत गेलं. तो आवाज हळू होत गेला, अंतर पडत गेलं, आणि दिवस बुडायच्या सुमाराला तो थांबला. तोवर सबंध गाव ओढ्याकाठी उभं होतं आणि पाखरूसुद्धा बोललं नाही, असं म्हणतात.

आवाज थांबल्यावर तिनं पातं उचललं. मुलगी होती. आनसानं तिला आईजवळच ठेवलं, वेगळं पुरू दिलं नाही. पंचांची त्यावर काही बोलायची हिंमत झाली नाही.

त्यानंतर आनसा घरात बसून राहिली. चूल पेटवीना. तिला एकच वाटत होतं, पोरीनं मागितलं होतं आणि आपण दिलं नाही. दिलं असतं तर एक गेलं असतं. दिलं नाही तर दोन गेली. मग तिला वाटे, एक गेलं असतं म्हणजे काय? तेही त्याच आवाजाचं होतं ना! तिनं ते सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं, पण कुठल्याच बाजूनं ते बसेना. शेवटी तिनं मनाशी एवढंच धरलं की आता आपल्या हातून बाई जाऊ द्यायची नाही. काही झालं तरी बाई जाऊ द्यायची नाही.

महिन्याभरात साळूची तब्येत बिघडली.

तिला सहावा चालू होता. हातापायांवर सूज आली, तोंड फुगलं, डोळ्यांपुढं अंधारी येऊ लागली. एका दुपारी तिला झटका आला आणि दातखीळ बसली. आनसा धावत गेली. भिवरानं तिला मरताना सांगितलेल्या चार गोष्टींतली ही एक होती. सूज, अंधारी आणि झटका, तिन्ही आली की मूल बाहेर काढायचं, नाहीतर बाई गेली.

साळू शुद्धीवर आली तेव्हा आनसानं तिला खरं ते सांगितलं.

साळू म्हणाली, "न्हाई. आत्या, हात लावायचा न्हाई."

"अगं, तू मरशील."

"मरू दे. सात गेली. याला मी घेऊन जाईन, न्हाईतर याच्यासाठी जाईन. पर याला सोडायची न्हाई. तू म्हनली हुतीस ना, घोड्यावानी पळतंय? अजून पळतंय का?"

आनसानं कान लावला. पळत होतं.

शिदबा बाहेर ओसरीवर भिंतीला डोकं लावून उभा होता. तो म्हणाला, "आत्या, मला काय इचारू नगंस. तिचं तीच सांगंल." आणि देवळात जाऊन बसला.

त्या संध्याकाळी साळूला दुसरा झटका आला. आनसाच्या डोळ्यांपुढं डोहाकाठची घागर उभी राहिली. ती घरी गेली, सासूनं शिकवलेलं औषध काढलं, उकळलं आणि वाटीत घालून आणलं. साळूला म्हणाली, "सुजेवरचा काढा आहे गं. घे." साळूनं विश्वासानं घेतला. तिचा आनसावर देवापेक्षा जास्त विश्वास होता.

मूल आलं. मुलगी. ओंजळीत मावेल एवढी. ती एकदाच रडली, मांजराच्या पिल्लाएवढ्या आवाजात, आणि मग शांत झाली. साळूची सूज आठ दिवसांत उतरली. ती जगली. पुढं पन्नास वर्षं जगली, असं म्हणतात. पण आनसानं तो काढा दिला नसता तर ती मेलीच असती का, हे आनसाला कधीच कळलं नाही. झटके येऊनही जगलेली एक बाई तिनं स्वतः पाहिली होती.

शिदबानं आठवीलाही नाव ठेवलं आणि चाफ्याखाली नेलं.

खोटं बोलून राहणं आनसाला जमेना. साळू उठून बसू लागली त्या दिवशी ती गेली आणि सगळं सांगितलं. साळूनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जिनं मागितलं तिला दिलं न्हाईस. जिनं नगं म्हटलं तिला दिलंस."

आनसा तिच्यासमोर खाली बसली.

साळू म्हणाली, "ऊठ. माझ्या दारात येऊ नगंस."

ही गोष्ट गावभर झाली आणि देवळासमोर माणसं जमली. नुसते पंच नाहीत, बायाही आल्या, कडेनं उभ्या राहिल्या. मोठा वाद झाला. एक म्हातारी म्हणाली, पोटात हलतं तेव्हा जीव येतो, त्याच्या आधी बाईचं अंग आहे नुसतं. दुसरी म्हणाली, छे, नाळ कापली आणि रडलं की जीव. पंचांतला एक जण म्हणाला, दिवस गेले त्या दिवशी जीव आला, मग त्याला हात लावणारा खुनी. शिदबाला विचारलं, तर तो म्हणाला, "माझी आठ लेकरं हाईत. मला यातलं काय कळत न्हाई."

शेवटी म्हातारा पाटील आनसाकडं वळला. "आनसाबाई, तुला ऐकू येतं. सबंध खोऱ्यात तुला एकटीलाच येतं. तू सांगशील तो गावाचा नेम. जीव कधी येतो?"

आनसा उठून उभी राहिली. तिचे केस त्या महिन्याभरात पांढरे झाले होते.

ती म्हणाली, "साळूच्या पोटी मला दुसऱ्या महिन्यात ऐकू आलं. तानूच्या तिसऱ्यात आलं. दोन्ही आवाज एक हुते. तानू मेल्यावरबी तिच्या पोटी आवाज हुता, दिवस बुडंतवर. हे सगळं माझ्या कानानं ऐकलं. आता नेम करायचा तर करा."

"म्हंजे जीव हुता," पंचांतला तो माणूस म्हणाला.

"हुता," आनसा म्हणाली. "पर ती पोरगी माझ्या दारात आली तवा मी कान तिच्या पोटाला लावला. तिच्या छातीला न्हाई लावला. तिथंबी एक जीव हुता. तो मला ऐकायचं सुचलंच न्हाई. आणि साळू तोंडानं सांगत हुती, तीबी मी ऐकली न्हाई. देवानं मला कान दिला आणि मी त्यानं पोटं ऐकली. बाया न्हाई ऐकल्या."

पाटील म्हणाला, "मग नेम काय?"

"मला ठाव न्हाई," आनसा म्हणाली आणि चालायला लागली.

ती सरळ डोहावर गेली. काही माणसं मागं गेली, त्यांना वाटलं ही जीव देणार. पण ती कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली, वाकली आणि दोन्ही कान पाण्यात बुडवले. "घे माघारी," असं ती म्हणाली म्हणे. बऱ्याच वेळानं वर आली तेव्हा तिला ओढ्याचं पाणी ऐकू येईना, माणसांच्या हाका ऐकू येईनात. जगातला एकही आवाज तिला पुन्हा ऐकू आला नाही. मात्र पाण्यानं सगळं माघारी घेतलं नाही. दोन थेंब मागं ठेवले. साळूच्या पोटचा एक आणि तानूच्या पोटचा एक. ते दोन तिला उठता-बसता, जेवता-झोपता ऐकू येत राहिले, अकरा वर्षं, मरेपर्यंत. असं म्हणतात.

त्या अकरा वर्षांत तिनं सुईणपण सोडलं नाही. दुसरं कोण होतं? पण पोटाला कान लावणं सुटलं. बाई समोर आली की आनसा घरातल्या सगळ्यांना बाहेर काढी. मग आपला तळवा त्या बाईच्या गळ्यावर ठेवी आणि विचारी, "बाय, तुझं काय म्हणणं हाय?" ऐकू तर येत नसे. गळ्याची थरथर तळव्याला लागे, त्यावरून ती समजून घेई. कितीही वेळ लागो, उत्तर आल्याशिवाय ती हात काढीत नसे. कुणी जे मागे ते ती देई किंवा देत नसे, ते त्या बाईला आणि तिलाच ठाऊक. काही वाचल्या, काही गेल्या. साळू मात्र तिच्याशी कधी बोलली नाही. आनसा मेली तेव्हा तिला माती द्यायला सगळं खोरं आलं, साळू आली नाही.

आता वेळूघळीत डांबरी रस्ता आहे. सुईण उरली नाही, बाया मोटारीनं तालुक्याच्या दवाखान्यात जातात. पण घरातल्या बाईला दिवस गेल्याचं कळलं की अजून घरातले सगळे उठून अंगणात जातात. नवरा, सासरा, दीर, पोरंटोरं, सासूसुद्धा. दार ओढून घेतात. आत ती बाई आणि आळीतली सगळ्यात म्हातारी बाई, दोघीच. म्हातारी तिच्या गळ्यावर तळवा ठेवते आणि एकदाच विचारते, बाय, तुझं काय म्हणणं हाय? याला आनसाईची घटका म्हणतात. बाहेरच्यांनी तेवढा वेळ कुजबुजसुद्धा करायची नाही. आत काय बोललं गेलं, ते म्हातारीनं मरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही.

बऱ्याच जणी हसतात, लाजून खाली बघतात. काही नुसत्या रडतात. एखादी बोलते. म्हातारी ऐकते, मान हलवते, तिच्या डोक्यावरून हात फिरवते आणि दार उघडते. मग माणसं आत येतात, चुलीवर चहा ठेवला जातो, आणि जे आधीच ठरलेलं असतं तेच बहुतेक होतं. विचारायचं एवढं आनसानं गावाला शिकवलं. उत्तर ऐकल्यावर काय करायचं, ते तिलाही कधी सांगता आलं नव्हतं.